आधी गाळी, मग गाली

माझी भाची येळ्ळूरहून बेळगावात टिळकवाडीतल्या कॉलेजला रोज सायकलनं जाते. गेल्या मे महिन्यात ती सायकल घेऊन आमच्या दारात आली आणि म्हणाली, "मामा, ही पळतच नाही बघा. वडगाव येईपर्यंत पाय भरून येतात. चाकंच जड आहेत हिची. हलकी जोडी नऊ हजाराला मिळायलीय, घालूया काय?"

तिला चहा दिला आणि सायकल उलटी केली. मागचं चाक हातानं जोरात फिरवलं तर दीड फेऱ्यात थांबलं. चाकाला तीन मिलिमीटर आउट (रिमचा आडवा डोल) होता आणि प्रत्येक फेरीला ब्रेकचा रबर रिमला घासत होता. टायर अंगठ्यानं दाबला तर आत गेला. गेज लावलं: मागं १६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), पुढं १४. अर्ध्या तासात आउट काढला, ब्रेक मधोमध आणला, मागं ४० आणि पुढं ३५ हवा भरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन, "मामा, काय घातलासा हिच्यात?" घातलं काहीच नव्हतं.

वडगावात माझ्या वडिलांचं तासावर सायकली भाड्यानं देण्याचं दुकान होतं. मराठी आणि कानडी, दोन्ही गिऱ्हाईक. कन्नडमध्ये चाकाला गाली म्हणतात आणि हवेला गाळी. फरक एका ल-ळ चा. वडील मला सांगायचे, "गिऱ्हाईक गालीची तक्रार घेऊन आलं तरी तू आधी गाळी बघ." आज ३१ वर्षं मी उद्यमबागेत लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्रावर, काम करतो, संध्याकाळी घरी चाकं बांधतो, आणि अजूनही हाच क्रम पाळतो. कुणाला चाकं हलकी करायची असतील तर याच क्रमानं पुढं जावं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

चाकाचं वजन जाणवतं हे खरं आहे. फक्त ते कुठं जाणवतं आणि किती, हे आधी नीट समजून घ्यावं.

लेथवर काम केलेल्या माणसाला हे लवकर कळतं. स्पिंडलला, म्हणजे त्याच्या फिरत्या दांड्याला, लहान चक (काम पकडायची थाळी) असला की मशीन चालू करताच फिरायला लागतं. त्याच मशीनवर मोठा चार जॉचा चक चढवला की मोटर तीच, पण वेग धरायला वेळ लागतो आणि थांबायलाही. पॉवर प्रेसचं फ्लायव्हील, म्हणजे जड फिरतं चाक, बघा. त्याची कड मुद्दाम जाड ठेवलेली असते आणि मधले आरे बारीक, कारण फिरणाऱ्या वस्तूत कडेचं वजन सगळ्यात जास्त काम करतं. सायकलच्या चाकाचंही तसंच आहे. टायर, ट्यूब आणि रिम यांचं वजन कडेला असतं. ते सायकलबरोबर पुढंही जातं आणि स्वतःभोवती फिरतंही. म्हणून वेग घेताना कडेचे १०० ग्रॅम फ्रेमवरच्या २०० ग्रॅमएवढे लागतात. हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचं, वजन मधोमध असल्यामुळं ते जवळपास एकपटच धरायचं. हलक्या हबसाठी पैसे घालवू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो.

हे हाताला जाणवून घ्यायचं असेल तर पुढचं चाक सोडवा, ॲक्सलची दोन्ही टोकं दोन हातांत धरा आणि दुसऱ्याला चाक जोरात फिरवायला सांगा. आता ते डावीकडं-उजवीकडं कलवून बघा. चाक हाताला विरोध करतं. जड टायरचं चाक जास्त विरोध करतं, हलक्याचं कमी. सायकल वळवताना, खड्डा चुकवताना, सीटवरून उठून पायडल मारताना ती डावी-उजवी झुलते तेव्हा हाच विरोध हँडलमधून हातापर्यंत येतो. हलक्या चाकांची सायकल "चपळ" वाटते ती यामुळं.

आता हिशेब. भाची ५२ किलो, सायकल १७, पुस्तकांची बॅग ५. एकूण ७४ किलो. तिचा जाड नक्षीचा २६×२.१० टायर मी काट्यावर ठेवला तर ७८० ग्रॅम भरला आणि ट्यूब २०० ग्रॅम. त्या जागी नंतर गुळगुळीत २६×१.५० टायर घेतला तो ५१० ग्रॅमचा, ट्यूब १४० ग्रॅमची. एका चाकामागं ३३० ग्रॅम, दोन्ही मिळून ६६० ग्रॅम वाचले. थांबलेली सायकल ताशी १८ किलोमीटर वेगाला नेताना जेवढी शक्ती खर्ची पडते, तिच्यात या बचतीनं पावणेदोन टक्के फरक पडतो. चढावर एकसारखा वेग असला की कडेचं वजनही एकपटच मोजायचं. राजहंसगडाच्या चढाला समजा दहा मिनिटं लागत असतील, तर ६६० ग्रॅम कमी झाल्यावर साधारण पाच सेकंद वाचतील. सपाट रस्त्यावर एकदा वेग धरला की तेवढाही फरक नाही.

आकडे ऐकून भाची हिरमुसली. पण त्याच बदलातला दुसरा भाग वजनाशी संबंधित नाही, आणि खरा फायदा तिथं आहे.

टायर रस्त्याला टेकतो तिथं चपटा होतो आणि पुढं गेला की परत गोल होतो. दर फेरीला रबर आणि आतलं कापड वाकतं आणि सरळ होतं, आणि त्यात शक्ती उष्णता होऊन जाते. जाड रबर, उंच नक्षी आणि कमी हवा असली की हे वाकणं जास्त. डांबरी रस्त्यावर मऊ, जाड नक्षीच्या टायरला सगळ्या वजनाच्या हजाराला दहा-बारा भाग एवढी मागं ओढ लागते. चांगल्या हवेच्या गुळगुळीत टायरला हजाराला पाच-सहा. भाचीचे ७४ किलो धरले तर पहिल्या टायरला जवळजवळ ९०० ग्रॅमची ओढ आणि दुसऱ्याला ४५० ची. फरक साधारण अर्ध्या किलोचा, आणि ही जादा ओढ घरापासून कॉलेजपर्यंत सतत सोबत असते. ताशी १८ किलोमीटर वेगाला ती २२ वॅट खाते. त्या वेगाला तिला सगळे मिळून ऐंशीएक वॅट लागतात, म्हणजे पावाहून जास्त जोर नुसता टायर जास्तीचा वाकवण्यात जात होता.

हवेची ही करामत जुनी आहे. बेलफास्टचे जॉन बॉइड डनलॉप हे जनावरांचे डॉक्टर. मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी त्यांनी हवा भरलेली रबरी नळी चाकाला गुंडाळली. भरीव रबराचं चाक आणि हे हवेचं चाक दोन्ही अंगणात घरंगळत सोडून पाहिली, तर हवेचं चाक लांब गेलं. १८८८ साली त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. आपणही अशीच परीक्षा घेऊ शकतो, ती कशी ते पुढं सांगतो.

पैसे न घालता

चाक हवेत उचलून सावकाश फिरवा आणि सोडून द्या. नीट असलेलं चाक थांबताना मागं-पुढं झुलतं आणि जड बाजू, बहुतेक वेळा व्हॉल्व्हची, खाली येऊन थांबते. झुलण्याऐवजी मध्येच कुठंतरी गच्च थांबलं तर कोन (हबमधल्या छर्ऱ्यांना दाबून धरणारं नट) जास्त आवळलेला आहे किंवा छर्ऱ्यांचं ग्रीस वाळलंय. रिम धरून आडवं हलवल्यावर खटखट वाजलं तर कोन सैल आहे. मध्ये कुठं घास लागतो का ते कान देऊन ऐका.

आउट बघायला वेगळं स्टँड लागत नाही. काडेपेटीतली काडी ब्रेकजवळ फ्रेमला रबरानं बांधा, तिचं टोक रिमच्या अगदी जवळ आणा आणि चाक फिरवा. जिथं काडी घासते तिथली रिम त्या बाजूला आलेली आहे. तिथली समोरच्या बाजूची तार (स्पोक) पाव फेरा आवळा आणि घासणाऱ्या बाजूची पाव फेरा सैल करा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त कधीच नाही. निपलची, म्हणजे तारेच्या रिमकडच्या टोकाच्या नटाची, दिशा टायरच्या बाजूनं बघून ठरवायची. तिथून बघताना घड्याळाच्या काट्यांसारखं फिरवलं की तार आवळते. नवशिका इथंच चुकतो, कारण तो हबच्या बाजूनं बघत असतो. एक मिलिमीटरच्या आत आउट आला की रोजच्या वापराला पुरे. जोडीजोडीनं तारा चिमटीत दाबून बघा. काही तारा ढिल्या असल्या तर चाक वजनानं कितीही हलकं असो, पायडलवर उभं राहिलं की सायकल मऊ, बिनजोराची वाटते.

मग हवा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा फरक हाच. पंचेचाळीस ते पासष्ट किलोच्या माणसासाठी माझा अंदाज असा: २६×२.१० टायरला मागं ४०, पुढं ३५. २६×१.५० ला मागं ४५ ते ५०, पुढं पाचनं कमी. जुन्या काळ्या सायकलीच्या २८×१½ ला ४० ते ५०. ७००×२८ च्या बारीक टायरला मागं ७० ते ८०. वजन जास्त असेल तर थोडी वाढवा, पण टायरच्या कडेला छापलेल्या आकड्याच्या वर जाऊ नका. मागच्या चाकावर जास्त भार येतो म्हणून तिथं नेहमी थोडी जास्त.

हवा जितकी जास्त तितकी सायकल वेगवान, असं समजून काहीजण टायर दगडासारखे करतात. गुळगुळीत रस्त्यावर ठीक आहे. आपल्याकडं पावसाळ्यानंतरचे रस्ते कसे होतात ते ठाऊक आहेच. खडबडीत रस्त्यावर फार कडक टायर प्रत्येक खडीवरून उडतो आणि पुढं जाण्याची शक्ती सायकलला आणि आपल्या अंगाला हादरे देण्यात जाते. मनगटं दुखायला लागली, दृष्टी थरथरायला लागली की पाच पीएसआय सोडून द्या. पावसात मी दोन्ही चाकांची पाच-पाच कमी करतो, टायरची पकड वाढते.

टायर बदलताना

नुसतं "२६ चा टायर द्या" म्हणून दुकानातून आणू नका. टायरच्या कडेला ५४-५५९ असे दोन आकडे बारीक अक्षरात असतात. पहिला टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास. बसायचं की नाही हे दुसरा आकडा ठरवतो. गियरच्या सायकलीचा २६ म्हणजे ५५९, पण २६×१⅜ म्हणजे ५९०. दोन्ही २६, आणि एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. तसंच २८×१½ हा ६३५ आणि ७००सी हा ६२२. डोळ्याला सारखे दिसतात, पण बसायला तेरा मिलिमीटरचा फरक आहे.

स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा घ्या आणि जुना टायर घडी करून त्यावर ठेवा. नवा विकत घेताना दुकानदाराला वजन करून द्यायला सांगा, सराफासारखा बारीक काटा नको, किराणा दुकानातला चालतो. एकाच मापाच्या दोन टायरांमध्ये दोन-दोनशे ग्रॅमचा फरक मी बघितलाय. पण फक्त आकडा बघून घेऊ नका. टायर हातात दाबा, आत-बाहेर वाकवा. बाजूची भिंत सहज वाकत असेल तर तो रस्त्यावरही सहज वाकेल, कमी शक्ती खाईल. कापडाच्या दोऱ्यांची दाटी काही टायरांवर टीपीआय म्हणून छापलेली असते. जाड दोऱ्यांच्या स्वस्त टायरवर ३० च्या आसपास, चांगल्यावर ६०, महागड्यावर १२०. हा आकडा मी वजनाच्या आकड्याच्या आधी बघतो.

ट्यूबमध्ये वजन कमी करणं सोपं आहे, पण पातळ ट्यूबची हवा लवकर उतरते आणि बाभळीचा काटा तिला सोडत नाही. येळ्ळूर शिवारातल्या पायवाटेवरून जाणाऱ्यानं पातळ ट्यूब घेऊ नये. टायरही असा घ्या की नक्षीखाली काटा अडवणारी पट्टी असेल. शंभर-दीडशे ग्रॅम जास्त होतात, होऊ देत. आठवड्याला पंक्चर काढत बसणारा माणूस कुठल्याच वेगानं कॉलेजला पोचत नाही.

माती हा आमच्याकडचा वेगळाच विषय. वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारातली माती काळी. पहिला पाऊस पडला की ती जाड नक्षीत भरते, मडगार्डात दाटते आणि चाक फिरायचं थांबतं. वर सांगितलेलं सगळ्यात महागडं वजन, कडेचं वजन, ही माती फुकटात वाढवते. एकदा मी टायरची माती खरवडून काट्यावर टाकली तर एका चाकाची ६४० ग्रॅम भरली. जाड नक्षी काढून ६६० ग्रॅम वाचवल्याचा आनंद मानणाऱ्यानं चाकं धुण्याचा आळस करू नये. काळ्या मातीत गुळगुळीत टायरच बरा, कारण माती धरायला त्याला खाचाच नसतात. निसरडं असेल तिथं उतरून चालत जा. पण जांबोटीच्या पुढं, मलप्रभेचा उगम आहे त्या कणकुंबीकडं, तांबडी जांभ्याची माती आणि सुटे खडे. तिथल्या कच्च्या वाटांवर फिरणाऱ्यांनी जाड नक्षीचे टायर काढू नयेत. त्यांची पकड तिथं कामाची आहे आणि तिच्यासाठी थोडा वेग सोडावा.

टायर बदलण्याआधी आणि नंतर परीक्षा घ्या. बिनवाहतुकीचा, सौम्य उताराचा आणि पुढं सपाट होणारा रस्ता शोधा. उतारावर एका जागी खूण करा, तिथून पायडल न मारता सायकल सोडा आणि जिथं थांबते तिथं खूण करा. तीन वेळा, वारा पडलेला असताना, शक्यतो पहाटे. कपडे तेच, बॅग तीच, बसायची ढब तीच. भाचीची सायकल जुन्या टायरांवर १६ हवेला जिथं थांबली तिथून ४० हवेला ३१ पावलं पुढं गेली. नवे टायर घातल्यावर आणखी २४. या परीक्षेत टायरची ओढच मुख्यतः कळते, वजनाचा भाग अगदी कमी, म्हणून कमी वेगाचा सौम्य उतारच निवडा. ताशी वीस-पंचवीसच्या वर गेलात की वाऱ्याची ओढ बाकी सगळं झाकून टाकते. आषाढात पश्चिमेच्या वाऱ्यासमोर सायकल रेटणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

रिमचं खरं कारण

लोखंडी रिम काढून ॲल्युमिनियमची घातली की एका चाकामागं साडेतीनशे-चारशे ग्रॅम कमी होतात. चाल थोडी मोकळी होते. मी मात्र भाचीला रिम बदलायला लावली ती ब्रेकसाठी. ओल्या लोखंडी रिमवर ब्रेकचा रबर घसरतो. तरुणपणी एका जुलैत अनगोळच्या चौथ्या रेल्वे गेटाकडं जाताना फाटक पडत होतं. दोन्ही ब्रेक दाबले आणि सायकल तशीच पुढं गेली. फाटकाच्या दांड्याला हात लावून थांबलो. त्या आठवड्यातच रिमा बदलल्या. पाऊस जून ते सप्टेंबर चार महिने असणाऱ्या आपल्या भागात लोखंडी रिम घेऊन मुलांना शाळा-कॉलेजला पाठवू नका, हे मी हात जोडून सांगतो.

जुन्या काळ्या सायकलीला मात्र घाई करू नका. तिचे सळईचे ब्रेक रिमच्या आतल्या अंगाला खालून वर दाबतात. ॲल्युमिनियमच्या रिमला बाजूनं पकडणारे ब्रेक लागतात. रिम बदलायची तर ब्रेकही बदलावे लागतात. तारांची भोकं मोजा: त्या सायकलीत बहुधा पुढं ३२, मागं ४० असतात, गियरच्या सायकलीत बहुधा ३६. जुना हब ठेवून नवी रिम बांधायची तर भोकं जुळली पाहिजेत. तारांची लांबीही बदलते, जुन्या तारा ओढूनताणून बसवू नका.

हलकी चाकं घातल्यावर पहिले दोन दिवस सायकल हातात चंचल वाटते. हँडलला हलकासा धक्का दिला तरी वळते. मागं कॅरियरवर डबा-बॅग बांधणाऱ्यांना हे जास्त जाणवतं. त्या दोन दिवसांत हात सोडून चालवू नका, आणि बारीक टायर असेल तर रेल्वेचे रूळ नेहमी काटकोनात ओलांडा. तिरकं गेलात तर टायर रुळाच्या खाचेत उतरतो.

टिळकवाडीच्या पहिल्या रेल्वे फाटकाजवळ थांबून परत निघताना, रहदारीत दर मिनिटाला ब्रेक मारून वेग घेताना, हलक्या कडेचा फायदा पायाला कळतो. कारण ब्रेक मारला की जड चाकात साठवलेली शक्ती रबरात जळून जाते आणि परत नव्यानं भरावी लागते. म्हणून शहरातल्या थांब-चालीत हलकी चाकं सुखाची वाटतात. खानापूरच्या रस्त्यावर एकसारखं चालवणाऱ्याला तेवढं काही जाणवणार नाही, त्यानं टायर आणि हवेवरच लक्ष द्यावं.

भाचीचा सगळा खर्च टायर, ट्यूब, दोन रिमा आणि तारा धरून नऊ हजाराच्या निम्म्याच्याही आत बसला. नवी बांधलेली चाकं शंभर-दीडशे किलोमीटर चालली की तारा बसतात आणि थोड्या ढिल्या होतात, तेव्हा त्या एकदा परत बघाव्या लागतात. तिला या रविवारी बोलावलंय, आणि येण्याआधी हवा स्वतः मोजून आकडा लिहून आण म्हणून सांगितलंय.